डाव्या कानामागची लेखणी

नीशापूर, कागदबाजार
सफर ९, हिजरी ५३०

परमवंदनीय उस्ताद मोनिस यांच्या सेवेशी,

आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करणारी मी कोण, हा प्रश्न आपल्याआधी मीच स्वतःला विचारला आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. नकलनवीस नजीब यांची मी मुलगी. आपण बाबांच्या दुकानात शिष्यांना शिकवीत असताना पडद्याआड बसून ऐकणारी. निघताना आपण दौतीखाली अर्धी ओळ ठेवून जात असा, आणि पुढच्या खेपेला ती पुरी केलेली आपणांस मिळे. पुरी करणारी कोण हे आपण कधी विचारले नाही. त्या न विचारण्याबद्दल मी आपली जन्माची ऋणी आहे.

धाडसाबद्दल क्षमा मागण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या महिन्यात आम्ही आपला शोक केला. ज्याचा शोक झाला त्याला पत्र कसे लिहावे, याचा नमुना बाबांच्या दुकानातल्या पत्रलेखनाच्या एकाही पोथीत नाही.

मोहर्रममध्ये मिठाच्या काफिल्याने बातमी आणली की मेहरदिजच्या किल्ल्यावर तापाची साथ आली आणि त्या तापात अमीरांचे दरबारी कवी मोनिस गेले. बाबांनी दुकान बंद ठेवले. आईने आपल्या नावाने हलवा करून गल्लीत वाटला. आणि काल डाकेच्या थैलीत तळाशी आपल्या हातची चिठ्ठी निघाली: ‘समरकंदी कागद, गुळगुळीत. मागचा इतका खरबरीत होता की लेखणी ठेचकाळत चालली.’

शेजारचे पोथ्या बांधणारे शापूरकाका चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाले, “नजीब, मेलेला माणूस कधी कागद मागवतो का?”

“मोनिस मागवील,” बाबा म्हणाले, “आणि वर तक्रारही करील.”

हसता हसता बाबा रडले. मात्र डाकवाला शपथेवर सांगतो की ती चिठ्ठी त्याच्या हाती कोणीही दिली नाही.

कागद पाठवीत आहोत. आपण कुशल आहात एवढी एक ओळ लिहावी. अर्धी नको, पुरी. शोकाच्या दिवसांत मी आणखीही काही केले, पण ते सांगण्याजोगे नाही.

आपली आज्ञाधारक,
माहबानू

·

मेहरदिज
सफर २४

माहबानू पोरी,

घे पुरी ओळ: मी जिवंत आहे. ताप मला आला होता हे खरे, आणि बरेच दिवस मी भिंतींशी बोलत होतो हेही खरे. पण मेला तो आमचा आचारी बाबक. जर्दाळूच्या बागेत एक नवी कबर दिसते, ती त्याचीच असणार. तुझ्या आईच्या हलव्याचा वाटा मात्र मला मिळाला नाही, याची नोंद घ्यावी.

ताप गेला आणि जाताना माझी कविता घेऊन गेला. बसतो, बोरू छाटतो, कागद समोर ओढतो, आणि आत कोरड्या नदीसारखी वाळू. हे कोणाला सांगायचे नाही, कारण नेमक्या अशा वेळी अमीरांना लहर आली आहे. परवा मला बोलावून म्हणाले, “मोनिस, माझ्या बापावर तू शोककाव्य लिहिलंस. अख्खा दरबार ढसाढसा रडला. आणि ज्याच्यासाठी रडले त्या बिचाऱ्याला एक ओळ ऐकू गेली नाही! मी असला वेडेपणा करणार नाही. माझं मला जिवंतपणी ऐकायचंय. नवरोजच्या दरबारात.”

मी म्हटले, “हुजूर, जिवंत माणसावर शोककाव्य वाचणं बरं नव्हे.”

“मग तुझ्यावर लिहवून घेऊ का कोणाकडून?” असे म्हणून ते हसले. दरबारही हसला. मी हसलो नाही. माझ्याआधीच्या कवीने सबब सांगितली होती. तो किल्ल्याखालच्या कोरड्या टाक्यात आहे. तिथे आवाज छान घुमतो, असे पहारेकरी सांगतात.

तेव्हा पोरी, या वेळी अर्धी नव्हे, सगळीच्या सगळी ओळ तुझ्याकडून हवी आहे. शोककाव्य तू लिही. नावाची जागा मोकळी ठेव, मी भरीन. आमच्या धंद्यातली रीत तुला ठाऊक आहेच. एका अमिराची स्तुती दुसऱ्याला वाचून दाखवताना एका कडव्यातले नाव तेवढे बदलायचे. घोडा तोच, स्वार निराळा. मी स्वतः एकच वसंतवर्णन तीन दरबारांत खपवले आहे.

वाचणार आमचा राजवाचक खुर्रम. माझ्या घोगऱ्या आवाजात माझी कविता मलाही आवडत नाही. त्याने वाचली की दगडही मान वर करतो.

तुझा म्हातारा,
मोनिस

·

नीशापूर
रबीउलआखिर ११

वंदनीय उस्ताद,

रस्ते बर्फाने बंद होते, आपले पत्र अलीकडेच पोचले, म्हणून विलंब झाला.

सोबत शोककाव्य आहे. अमीरांना मी पाहिलेले नाही. मोठ्या माणसांच्या मरणाविषयी मला काहीच माहिती नाही. जे लिहिता आले ते पाठवीत आहे. सूचनेप्रमाणे नावाची जागा मोकळी ठेवली आहे. जे अमीरांना शोभणार नाही ते आपण निःसंकोच खोडावे. पाहिजे तर सगळेच खोडावे. एवढ्या थोड्या दिवसांत हे कसे लिहिलेस, असे मात्र कृपा करून विचारू नये.

आपण टाक्यात जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

माहबानू

·

मेहरदिज
जमादिउलआखिर २१

पोरी,

जिंकलीस!

नवरोजच्या दरबारात खुर्रमने ते वाचले. तिसऱ्या कडव्याला सेनापतींनी गळपट्टी फाडली. पाचव्याला अमीर स्वतः रडले. तोंड झाकून नव्हे, उघड, लहान मुलासारखे. मानाची खिलत बाहेर आणली गेली, भरजरी झगा, मनगटाला मोत्यांची किनार. मी हात पुढे केले. पण खिलत धरणारा माझ्या हातांपाशी थांबलाच नाही. ती त्याने नेऊन माझ्या आसनावर अंथरली, आणि सगळे त्या आसनाकडे पाहत राहिले. दरबारी शिष्टाचारात अलीकडे काय काय बदल होतील सांगता येत नाही.

एक गंमत मात्र सांगण्याजोगी. तुझ्या पाचव्या कडव्यात होते:

कान डावा रिक्त आता, लेखणी ना त्यावरी;
कोण आता ओळ अर्धी ठेवुनी जाई घरी?

अमीर कानामागे लेखणी ठेवीत नाहीत. लेखणीने दात कोरतात. म्हणून ते कडवे काढून मी तिथे तलवार आणि ससाणा बसवला, आणि खुर्रमला स्वच्छ प्रत करून दिली. खुर्रमने हातात माझी प्रत धरली, आणि वाचले तुझे कडवे. शब्दही इकडचा तिकडे नाही. ते त्याच्या कागदावर नव्हते, पोरी. मी शेजारीच उभा होतो.

तेव्हापासून मत्सर फार वाढला आहे. नवा आचारी माझ्या वाडग्यापाशी येतो आणि पळी तशीच पुढे नेतो. सलाम केला तर लोक कपडे सारखे करतात, वाऱ्याने फडफडले असावेत तसे. अमीरांचे मुलगे धडा म्हणायला येतात, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून शहाण्यासारखा म्हणतात, आणि मी चूक सांगितली की दचकून एकमेकांना चिमटे काढतात. “तू बोललास?” “मी नाही, तूच!” कवीचा असा मान यापूर्वी कोणी केला नसेल.

अमीरांना ते काव्य इतके आवडले आहे की दर गुरुवारी संध्याकाळी, लोक आपापल्या मृतांना भेटायला जातात त्या वेळी, खुर्रम ते बागेत वाचतो. बाबक आचाऱ्याचे नशीब पाहा!

मोनिस

·

नीशापूर
रज्जब १

वंदनीय उस्ताद,

पुढील प्रश्नांची उत्तरे कृपया परत येणाऱ्या डाकेनेच द्यावीत.

अखेरचे आपल्याशी कोण बोलले? आपल्या प्रश्नाला उत्तर देऊन बोलले का? त्या खिलतीचे पुढे काय झाले? आणि जर्दाळूच्या बागेतल्या त्या कबरीवरचा दगड आपण जवळ जाऊन वाचला आहे का?

वाचला नसेल तर वाचू नये.

गुरुवारचा पाठ कोणत्याही उपायाने थांबवावा. कारण विचारू नये. बाबा मला म्हणतात, “माहबानू, जेवणात लक्ष नाही, नकलेत लक्ष नाही; काल तू एकाच्या वाक्यात दुसऱ्याचं वाक्य शिवलंस. झालंय काय तुला?” मी त्यांना सांगितले, डोळे दुखतात. बाबांशी मी प्रथमच खोटे बोलले.

माहबानू

·

मेहरदिज
रज्जब १३

लेकी,

दगड वाचला. तू नको म्हणालीस त्याआधीच वाचला होता. चांगला कोरला आहे. फक्त माझ्या नावातला एक फराटा किंचित आखूड झाला आहे. बाबक आचारी सुखरूप आहे. तो तापातून उठून आपल्या गावी गेला होता.

तू का घाबरलीस ते मला कळते, आणि कळत नाही असे मी इतके दिवस दाखवले याबद्दल क्षमा कर. मोहर्रममध्ये माझी बातमी आली तेव्हा तू माझ्यावर शोककाव्य लिहिलेस. मग मी अमिरासाठी मागितले. न पाहिलेल्या माणसासाठी तुला रडता येईना, म्हणून तू तेच पाठवलेस, नावाची जागा पुसून. घोडा तोच, स्वार निराळा. ही रीत मीच तुला शिकवली.

पहिल्या वाचनातच मी ओळखले. गुरू आहे मी तुझा. हजार माणसांत माझ्या चपलांचा आवाज कोणता हे जिने लिहिले, तिने तो पडद्याआडून ऐकला होता हे मला कळणार नाही का?

मग मी ते वाचू का दिले? टाक्याच्या भीतीने, असे म्हणालो तर ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे की आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मरणावर रडलो. ज्यांना मी ओळखत नव्हतो त्यांच्यासाठी, ज्यांचा मला तिटकारा होता त्यांच्यासाठीही. आम्हा लोकांसाठी कोणी लिहीत नाही. तुझे ते पान हाती आले तेव्हा वाटले, हे एकदा मोठ्याने ऐकावे. अमिराला हसलो होतो ना मी मनात? माझीही हाव तीच निघाली.

पण एकदाने भागत नाही. दर गुरुवारी पाठ होतो आणि दर गुरुवारी माझे काहीतरी कमी होते. आधी वाडगा गेला. मग सलाम. मग सावली गेली. दुपारी अंगणात उभा राहून शोधली. काल पाठ संपल्यावर मी ओरडून खुर्रमला हाक मारली, आणि हाक माझ्या मलाच ऐकू आली नाही. खुर्रमशी मी रोज बोलतो, उत्तर मात्र येत नाही. कागद थैलीत तळाशी सरकवता येतात, तेवढेच उरले आहे. बोरू मात्र अजून छाटता येतो.

घाबरू नकोस. इथे दुखत काही नाही. फक्त एक वाटते, शेवटची अर्धी ओळ तुझ्यासाठी ठेवायची होती. बसतो, पण सुरुवात सुचत नाही. तू सुरुवात कर. एवढ्या वर्षांत तुला कधी आरंभ करू दिला नाही.

मोनिस

·

मेहरदिज
रज्जब १५

नकलनवीस नजीब यांच्या घरी, सलाम.

मी येथील राजवाचक खुर्रम. मोहर्रमच्या साथीत आमचे उस्ताद मोनिस निवर्तले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांच्यावरील जे शोककाव्य आपल्या घरून आले, ते नवरोजच्या दरबारात मी वाचले. इतक्या वर्षांत माझा आवाज दोनदाच फुटला. वडील गेले तेव्हा, आणि त्या दिवशी. अमीरांनी खिलत उस्तादांच्या आसनावर अंथरवली होती. ती काव्य लिहिणाऱ्याची आहे, असे त्यांच्या आता मनात आले, म्हणून सोबत पाठवीत आहे. अमीर थट्टेने म्हणतात, “माझ्यावरही असं कोणी लिहिणार असेल तर मरायला हरकत नाही.” आम्ही म्हणतो, हुजूर, असे बोलू नये.

दर गुरुवारी मी ते कबरीपाशी वाचतो, आणि वाचीत राहीन. त्याने आत्म्याला शांती मिळत असावी, कारण किल्ल्यातले काही चमत्कारिक प्रकार हळूहळू थांबत आले आहेत. आधी त्यांच्या बंद खोलीतून आवाज येत, धाकटे शहजादे शिकवणी होते म्हणून सांगत. आता तसे काही नाही. फक्त बाहेरून कुलूप असताना आत जमिनीवर बोरूच्या ताज्या छाटणीचे तुकडे सापडतात. एक-दोन गुरुवारांत तेही थांबेल.

काव्य लिहिणारे कोण, त्यांचे नाव कळवावे. त्यावर नाव नाही.

आपला,
खुर्रम

·

नीशापूर
रज्जब २५

राजवाचक खुर्रम यांस,

एका अपरिचित स्त्रीने आपणांस पत्र लिहावे हे रीतीला धरून नाही, हे मला माहीत आहे. घाईत अक्षर वाईट आले असल्यास क्षमा असावी.

ते शोककाव्य माझे आहे. मी नकलनवीस नजीब यांची मुलगी माहबानू. इतके दिवस हे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. आज सकाळी मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “तरीच दौतीखालची ओळ नेहमी पुरी व्हायची. मी आपलं समजत होतो, मोनिस विसराळू आहे, स्वतःच लिहून विसरतो.”

आपल्या पेशाचा नियम आपण जाणता: कवीने जी कविता परत घेतली, ती वाचकाने ओठांवर आणायची नाही, मग आज्ञा कोणाचीही असो. मी हे काव्य परत घेत आहे. कारण विचारल्यास सांगावे की कवयित्रीला त्यात मोठा दोष आढळला. ते पाहिल्याशिवाय लिहिले गेले. लिहिणारीने ऐकीव बातमीवर विश्वास ठेवला. माझी प्रत मी चुलीत घातली आहे. आपली प्रत आपण घालावी. आणि जे पाठ झाले आहे ते विसरावे. एवढा मोठा गळा असणाऱ्याला हे अवघड जाईल, तरी प्रयत्न करावा.

खिलत परत पाठवीत आहे. ती कोणाच्याही आसनावर अंथरू नये. उस्तादांच्या खोलीचे कुलूप काढावे, आणि जेवणाच्या वेळी एक वाडगा भरून दाराशी ठेवावा. आपण मला वेडी समजाल. समजावे. पण हे पत्र पोचेल त्या गुरुवारपासून वाचू नये.

माहबानू

·

नीशापूर
त्याच दिवशी

वंदनीय उस्ताद,

खुर्रम यांना लिहिलेले पत्र याच थैलीत आहे. ते वर आहे, हे तळाशी.

माझ्यासमोर दोन कागद आहेत. एक आपला, तेरा तारखेचा. एक त्यांचा, पंधराचा. दोन्ही खरे असू शकत नाहीत. शाळेत बसता आले असते तर कदाचित मला असे दोन कागद समोर ठेवून निवाडा करायला शिकवले गेले असते. मी निवाडा करणार नाही. ज्याचे अक्षर मी लहानपणापासून पुरे करीत आले, त्याच्या बाजूने मी आहे.

आपण आरंभ करायला सांगितले होते. काल दुपारी तो केला:

दार उघडे ठेविले मी, वात अजुनी जागती;

ही ओळ मी कोणाला दाखवली नाही. जुन्या सवयीने दौतीखाली ठेवली. आज सकाळी डाकेची थैली दुकानात आली. खुर्रम यांचे बाड काढल्यावर बाबांनी ती उलटी करून झटकली, आणि तळातून एक कपटा पडला. आमच्याच समरकंदी कागदाचा. अक्षर आपले, शाई इतकी फिकी की खिडकीशी धरून वाचावे लागले:

वेळ होइल पोचण्याला, पावले पण चालती.

वृत्त तेच. यमक तेच. माझी ओळ तेव्हा दौतीखालीच होती, उस्ताद. मी हात लावून पाहिली.

बाबांनी कपटा पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “तारीख चुकलाय मोनिस.” कारण खाली आपण लिहिले आहे: मेहरदिज, शुक्रवार, शाबान ४, सकाळ. आज रज्जबची पंचवीस आहे. तो शुक्रवार अजून उजाडायचा आहे.

शापूरकाका पायरीवरून म्हणाले, “म्हातारपणी होतं असं. माझे सासरे दोन रमजान धरायचे.” बाबा हसले. मी हसले नाही, कारण मला हिशोब लागला होता. मेहरदिजला डाक आठ दिवसांत पोचते. आज निघालेली थैली गुरुवारी, तीन शाबानला, संध्याकाळच्या पाठाआधी किल्ल्यात असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण माझ्या ओळीला उत्तर लिहाल. म्हणजे तो गुरुवार आपण ओलांडला आहे. अट एवढीच की हे पत्र आज निघाले पाहिजे. आज निघाले नाही, तर आपण त्या शुक्रवारी कशाला उत्तर दिले असेल?

उद्या एक पाठ होईल. तो मला थांबवता येत नाही. त्यात आणखी काय जाईल कोण जाणे. जे उरेल त्याने बोरू धरावा, एवढेच.

डाकवाला दाराशी आला आहे आणि खेचराला शिव्या देत आहे. बाबा त्याला म्हणत आहेत, “थांब रे बाबा, माझी मुलगी पत्र लिहिते आहे.” हे वाक्य त्यांनी भर बाजारात, मोठ्याने, प्रथमच उच्चारले. आणखी काही लिहायला वेळ नाही. तारीख आणि प्रहर मात्र नीट नोंदवते, म्हणजे वाटेत कोणी म्हणू नये की उत्तर आधी आले आणि पत्र मागाहून.

आपली,
माहबानू

रवाना: नीशापूर, कागदबाजार, बुधवार, रज्जब २५, हिजरी ५३०, असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या अजानचा शेवटचा शब्द संपता संपता.